वादकाचें मोठेपण : एका हळदीच्या रात्रीचा वाद

कोणता वादक खरा मोठा आणि कोणता नुसता हाताचा तयार, हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं. पूर्वीं तो संस्थानिकांच्या दरबारांत होत असे. पुढें नाटकगृहांच्या बाहेर व गायनसमाजांच्या पायऱ्यांवर होऊं लागला. आतां तो लग्नाच्या मांडवांतही होतो, हें मला गेल्या उन्हाळ्यांत शहापूर तालुक्यांतील एका हळदीच्या रात्रीं कळलें.

माहुलीचा किल्ला ज्या गांवांच्या पाठीशीं उभा आहे, त्यांपैकीं एका गांवीं आमच्या स्नेह्यांच्या घरीं लग्न होतें. ठाणें जिल्ह्याच्या ह्या भागांत, शहापुरास काय किंवा मुरबाडास काय, लग्नाहून हळदीचा थाट मोठा. अंगणांत मांडव घातलेला होता. आंत धवलारीण धवले गाऊन देवांना लग्नाचें आवतण देत होती, आणि बाहेर रस्त्यावर एका टेंपोंत बेंजो पार्टीचा सरंजाम मांडलेला होता. पुढें ढोल, ताशे, झांजा. मागें पसरट तोंडाचे कर्णे. आणि मध्यभागीं उंच घोडीवर ठेवलेल्या बेंजोवर ओणवलेला एक पंचविशीचा तरुण. तो दिवसा आसनगांवाकडील एका कारखान्यांत कामाला जातो, असें मागाहून समजलें.

मांडवाच्या कडेला आम्ही चौघे बसलों होतों. यजमानांचा धाकटा पुतण्या कल्याणास महाविद्यालयांत शिकतो व गिटार वाजवितो. तो म्हणाला, "काका, ह्याचा हात चांगला आहे, पण मोठा वादक म्हणजे जिमी हेंड्रिक्स. साऱ्या जगानें त्याला पहिला नंबर दिला आहे." त्यावर गांवांतच राहणारा त्याचा चुलतभाऊ उसळून म्हणाला, "तुझा हेंड्रिक्स असेल मोठा. पण एवढ्या वेगानें आमच्या तालुक्यांत दुसऱ्या कोणी वाजवून दाखवावें!" मुरबाडकडील एक सेवानिवृत्त गुरुजी शेजारीं बसले होते. त्यांनीं दोघांनाही झिडकारलें. "वेग तर शिवणाच्या यंत्रालाही असतो," ते म्हणाले, "आणि ह्या भोंग्यांतून निघतें तें वादन नव्हे, गलका. वादक म्हणावा तर बंदे अलीखां बीनकारासारखा. कळा दाबून वाजवायच्या पेट्या हीं खेळणीं झालीं."

ढोल पुन्हा सुरू झाल्यामुळें वादाचा निकाल लागला नाहीं. मला मात्र तो प्रश्न चिकटला. तिघांच्या हातीं तीन कसोट्या होत्या : एकाची लौकिकाची, दुसऱ्याची वेगाची, तिसऱ्याची वाद्याच्या कुळशीलाची. तारवाद्यांच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासावर ह्या तिन्ही घासून पाहाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम बेंजोचीच हकीकत सांगितली पाहिजे. कारण ज्यांच्या अंगणांत तो वाजतो त्यांनाही ती बहुधा ठाऊक नसते. आपण ज्याला बेंजो म्हणतों तो अमेरिकेंतील बेंजो नव्हे. अमेरिकेंतील बेंजो हा आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या लोकांनीं भोपळ्यावर कातडें ताणून केलेल्या वाद्यांचा वंशज. आपला बेंजो जपानी कुळांतला. इ. स. १९१२ सालीं जपानांत 'तैशो' नांवाचें नवें राजयुग सुरू झालें आणि त्याच वर्षीं नागोया शहरांतील मोरिता गोरो ह्या गृहस्थानें एक नवें वाद्य सिद्ध केलें. जपानांत 'कोतो' हें जुनें तारवाद्य प्रतिष्ठित, पण शिकावयास कठीण. मोरितानें त्या तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविल्या. डाव्या हातानें कळ दाबली कीं खालची तार पट्टीवर टेकते व तिची कंप पावणारी लांबी कमी होते. उजव्या हातांतील पत्तीनें तार छेडली कीं नेमका तो स्वर निघतो. स्वरस्थान शोधण्यासाठीं वर्षानुवर्षें बोटें झिजवावयास नकोत. हें 'तैशोगोतो' समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत आलें तेव्हां त्याला 'बुलबुलतरंग' असें गोड नांव मिळालें, आणि सामान्य लोकांनीं त्याला बेंजो म्हणून हांक मारली.

घरांतील मुलाच्या हातीं द्यावें असें हें नाजूक, किणकिण्या आवाजाचें वाद्य. ढोलताशांच्या गर्दींत त्याचा टिकाव लागणें अशक्य. पण त्याच्या तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसविलें, त्याची जोड ध्वनिवर्धकाशीं दिली, आणि हें घरगुती खेळणें मिरवणुकीचें अग्रणी झालें. मुंबई, ठाणें, रायगड ह्या टापूंत गणपतीची मिरवणूक व लग्नाची वरात ह्यांना बेंजोवांचून शोभा नाहीं, असा एक काळच होऊन गेला. इ. स. २०१६ सालीं रवि जाधव ह्यांनीं ह्याच वादकांच्या जीवनावर 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला, तोंवर सुशिक्षितांनीं ह्या वाद्याकडे वळून पाहिलें नव्हतें म्हटलें तरी चालेल.

आतां गिटारीकडे वळूं. कारण तिची कथा ऐकतांना आपण आपल्याच बेंजोची कथा ऐकत आहोंत असें वाटल्यावांचून राहत नाहीं. गिटार ही मूळची स्पेनकडील. एकोणिसाव्या शतकांत आंतोनियो दे तोरेस ह्या कारागिरानें तिचें पोट मोठें करून तिला आजचें रूप दिलें, तरी दिवाणखान्याबाहेर तिचा आवाज पोंचत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत पितळी तुताऱ्यांचे व नगाऱ्यांचे मोठमोठे ताफे निघाले. त्यांत गिटारवाला मागें बसून नुसता ठेका धरी. तो वाजवितो आहे कीं नाहीं, हें त्याचें त्यालाच ठाऊक. ह्या दारिद्र्यावर तोड म्हणून इ. स. १९३१-३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत रिकनबॅकरच्या कारखान्यांतून पहिली विजेची गिटार बाहेर पडली. तिचा आकार पाहून लोक तिला 'तळण्याचा तवा' म्हणत. तत्त्व साधें होतें. लोखंडी तार चुंबकासमोर थरथरली कीं चुंबकाभोवतींच्या वेटोळ्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो; फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमाचेंच हें एक रूप. तोच प्रवाह वाढवून कर्ण्यांत सोडला कीं झालें.

परंतु यंत्र आलें म्हणून वादक आला असें होत नाहीं. तो आला १९३९ सालीं. बेनी गुडमन ह्याच्या ताफ्यांत चार्ली ख्रिश्चन नांवाचा एक तरुण कृष्णवर्णी वादक दाखल झाला आणि ठेका धरून बसणाऱ्या त्या गिटारीनें तुतारीसारखी एकेका सुराची लांबलचक वाक्यें बोलण्यास आरंभ केला. १९४२ सालीं क्षयानें तो वारला, तेव्हां त्याचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. त्याच्या मागून आलेल्या जवळजवळ प्रत्येकानें त्याच वाटेनें पाऊल टाकलें. इतरांना वीज म्हणजे मोठा आवाज वाटला. ख्रिश्चनला ती नवी भाषा वाटली. हा भेद आपण ध्यानीं ठेवूं. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

आतां पहिली कसोटी, वेगाची. आपल्याकडे तिला 'तयारी' म्हणतात, आणि ती तुच्छ मानण्याचें कारण नाहीं. हात तयार नसेल तर मनांतील सूर मनांतच राहतो. परंतु तयारी हें साधन आहे, सिद्धि नव्हे, हें दाखविणारीं उदाहरणें जगांत थोडींथोडकीं नाहींत. बेल्जममध्यें जन्मलेला जिप्सी वादक जांगो राइनहार्ट १९२८ सालीं आपल्या गाड्यावरील घराला लागलेल्या आगींत भाजला. त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें कायमचीं आंखडलीं. अठरा वर्षांच्या गिटारवादकाचा हा खरें पाहतां अंतच. त्यानें उरलेल्या दोन बोटांसाठीं वादनाची नवी रीत बसविली, आणि ती रीत आज धडधाकट बोटांचे लोक शिकतात. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं १९६५ सालीं टोनी आयोमी ह्या सतरा वर्षांच्या कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं अग्रें कारखान्यांतील यंत्रांत तुटलीं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात तोच. कारखान्यांतील वरिष्ठानें त्याला जांगोची तबकडी ऐकविली. आयोमीनें बाटलीचें प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणें केलीं, पुढें तारा सैल करून सूर खालीं उतरविले, आणि त्या खर्जांतल्या घोगऱ्या आवाजांतून 'ब्लॅक सॅबथ' ह्या ताफ्याचें जें संगीत निघालें त्यावर पुढें एका सबंध पंथाची उभारणी झाली.

अमेरिकेंतील बी. बी. किंग ह्याची गोष्ट आणखी निराळी. गातां गातां वाजविणें आपल्याला जमत नाहीं, असें तो स्वतःच सांगे. तो एक ओळ गाई व थांबे. मग गिटार एक ओळ गाई. सूर थोडे, पण एकेक सूर तारेवर बोट डोलवून असा जिवंत करी कीं दोन सुरांत ऐकणाऱ्यानें त्याला ओळखावें. नव्वदीला चार महिने कमी असतां २०१५ सालीं तो वारला. आणि इतक्या वर्षांत वेगाच्या शर्यतींत तो कधीं उतरलाच नाहीं. म्हणून त्या रात्रीं चुलतभावानें धरलेली कसोटी चोख नव्हे, असें म्हणणें प्राप्त आहे. वेगानें डोळे दिपतात. वादक कोण आहे हें मात्र त्यावरून कळत नाहीं.

दुसरी कसोटी गुरुजींची. कळांच्या पेटीवर मोठें वादन होणारच नाहीं, हा आक्षेप आपल्याकडे पूर्वींही एका वाद्यावर घेतला गेला आहे व त्याची किंमतही आपण मोजली आहे. हार्मोनियमवर मींड निघत नाहीं, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहींत, म्हणून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला आपल्या दारांतून बाहेर काढलें. ती पुन्हा आंत आली ती १९७१ सालीं. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु ज्या गोविंदराव टेंब्यांनीं १९११ सालीं 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली दिल्या, त्यांच्या पेटीवर गाणें ऐकलेल्या महाराष्ट्राला तो आक्षेप पुरा पटलाही नाहीं. टेंब्यांच्या मागून मधुकर पेडणेकर, आप्पा जळगांवकर, तुळशीदास बोरकर ह्यांनीं ती परंपरा चालविली. एका सुरावरचें बोट उचलण्यापूर्वींच दुसरा सूर दाबावा, भात्यानें हवेचा जोर तेवढ्यापुरता कमी करावा, कोठें सूर मुद्दाम गाळून तेथें श्रोत्याच्या कानाला काम द्यावें, अशा युक्तींनीं पेटीवर मींडेचा भास उत्पन्न होतो. मींड वाद्यांत नसते. ती ऐकणाऱ्याच्या मनांत काढली जाते. सतारीवर मींड काढणें ही विद्या खरी; पण जेथें मींड नाहीं तेथें ती ऐकविणें हें त्याहून सोपें कसें म्हणावें?

बेंजोही ह्याच जातीचा. त्याला कळा आहेत, म्हणून त्याची मींड मेली आहे. पण तार एकदां छेडून, ती वाजत असतांनाच दोन-तीन कळा पाठोपाठ दाबल्या तर एकाच आघातांत सूर वळतो. हें मीं त्या रात्रीं त्या तरुणाच्या हातून प्रत्यक्ष ऐकलें. वाद्याचें कुळ जपानी, कळा टंकलेखनाच्या, वीज फॅरडेची आणि चाल कोळीगीताची. तरी सुरावर घेतलेलें वळण आपल्याकडचें होतें.

गुरुजींचा दुसरा आक्षेप गलक्याचा. येथें पुतण्याच्या हेंड्रिक्सकडे यावें लागतें. जिमी हेंड्रिक्स १९४२ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें जन्मला. डावखुरा असल्यामुळें उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून तो वाजवी. १९६६ सालीं तो लंडनला आला आणि अवघ्या चार वर्षांनीं तेथेंच, सत्तावीस वर्षांचा असतांना वारला. सभेंत वक्त्यानें ध्वनिग्राहक कर्ण्यासमोर नेला कीं जो किंचाळणारा आवाज उठतो, तो वाचकांच्या परिचयाचा आहे. कर्ण्यांतील आवाज पुन्हा आंत शिरतो, वाढून बाहेर येतो, पुन्हा आंत शिरतो. विजेच्या गिटारीलाही हाच रोग. सर्व वादक त्याला टाळीत. इंग्लंडांतील एकदोघांनीं त्याच्याशीं खेळून पाहिलें होतें. हेंड्रिक्सनें त्याला माणसाळविलें. कर्ण्यासमोर किती अंतरावर उभें राहावें, कोणत्या कोनांत वळावें, कोणती तार कोठें दाबून धरावी, ह्यांवर तो त्या किंकाळीचा सूर ठरवी. १९६९ च्या ऑगस्टांत वुडस्टॉकच्या मेळ्यांत त्यानें एकट्या गिटारीवर आपल्या देशाचें राष्ट्रगीत वाजविलें. व्हिएतनामचें युद्ध तेव्हां पेटलेलें होतें. त्या सुरावटीच्या मधोमध विमानांची घरघर, बाँबचे स्फोट व माणसांचा आक्रोश लोकांना ऐकूं आला. शब्द एकही नव्हता. जो आवाज दोष म्हणून वाद्यांतून काढून टाकावयाचा, त्याच आवाजानें तें बोलणें साधलें.

ह्याच हेंड्रिक्सची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६७ च्या जूनमध्यें माँटेरे येथील मेळ्यांत त्यानें वादनाच्या शेवटीं आपली गिटार पेटवून दिली. त्याच दिवशीं दुपारीं पंडित रविशंकर ह्यांची सतार तेथें झाली होती. गिटार जळालेली पाहून त्यांना अतिशय क्लेश झाले, हें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. खंडेनवमीस वाद्यांची पूजा करणाऱ्या आपल्या लोकांना तें दुःख समजावून सांगणें नलगे. वाद्य जाळण्यानें हेंड्रिक्स मोठा झाला नाहीं, आणि केवळ त्यामुळें लहानही ठरत नाहीं. तो तमाशाचा भाग तमाशाबरोबर संपला. तारेनें घेतलेली नवी वाणी तेवढी राहिली.

आतां तिसरी कसोटी, लौकिकाची. 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन नियतकालिकानें २००३ सालीं जगांतील शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. २०११ सालीं दुसरी, आणि २०२३ सालीं अडीचशें नांवांची तिसरी. तिन्हींत पहिलें नांव हेंड्रिक्सचें. पुतण्याचें म्हणणें ह्या पुराव्यावर उभें होतें. परंतु यादीचा स्वभाव पाहावा. पहिल्या यादींतील शंभर नांवांत स्त्रिया अवघ्या दोन. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णी भजनगायिका हेंड्रिक्सच्या जन्मापूर्वींपासून विजेची गिटार छातीशीं धरून हजारोंच्या सभा डोलवीत होती. त्या यादींत तिचें नांव नव्हतें. रॉक संगीताच्या मानमंदिरांत तिची स्थापना झाली ती २०१८ सालीं, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनीं. ती लहान होती व २०१८ सालीं अचानक मोठी झाली, असें कोणी म्हणणार आहे काय?

आपल्या घरचें उदाहरण घ्या. आमान्सियो डिसिल्वा हा गोमंतकीय कुटुंबांत मुंबईस १९३६ सालीं जन्मलेला गिटारवादक. १९६७ सालीं तो लंडनला गेला आणि १९६९ सालीं जो हॅरियट ह्या जमेकन सॅक्सोफोनवादकाबरोबर त्यानें 'हम दोनों' ह्या हिंदी नांवाची तबकडी काढली. रागदारीचा विस्तार आणि जॅझची चाल त्याच्या गिटारींत इतकी सहज एकत्र नांदते कीं त्यांचा सांधा सांपडत नाहीं. १९९६ सालीं तो वारला. ज्या मुंबईंत तो जन्मला, तेथील किती घरांत त्याचें नांव ठाऊक आहे?

आणि बंदे अलीखां! एकोणिसाव्या शतकांतील ह्या बीनकारांची कबर पुण्यास आहे, पण त्यांच्या बिनेचा एक सूरही आज जगांत कोठें ऐकावयास मिळणार नाहीं. हिंदुस्थानांत गाण्याच्या तबकड्या भरण्यास आरंभ झाला तो १९०२ सालीं. तेव्हां त्यांचा मोठेपणा आपण कशावरून मानतों? ऐकलेल्यांनीं सांगितलें म्हणून, आणि त्यांच्यामागें शिष्यांनीं व किराणा घराण्याच्या गायकांनीं त्यांचें नांव आदरानें घेतलें म्हणून. गुरुजींनीं बंदे अलींचें नांव घेतलें, त्याच वेळीं त्यांनीं नकळत एक मोठी गोष्ट मान्य केली : ज्याची तबकडी नाहीं, यादींत नांव नाहीं, असाही वादक थोर असूं शकतो. मग हा न्याय टेंपोंतील बेंजोवाल्याला कां लागूं करूं नये?

ह्या ठिकाणीं एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेनें 'व्हॉयेजर' नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं व त्यांत पृथ्वीवरील निवडक संगीताची एकेक सोनेरी तबकडी ठेविली. तींत चक बेरी ह्या रॉक गिटारवादकाचें एक गाणें आहे, आणि गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवीही आहे. दुसरें यान ५ सप्टेंबरास निघालें आणि १६ सप्टेंबरास केसरबाई निवर्तल्या. सारा जन्म तोलूनमापून, मोजक्या श्रोत्यांसमोर गाणारी ती मानी गायिका आणि एका पायावर उड्या घेत गिटार वाजविणारा तो बेरी, हीं दोघें आज एकाच तबकडीवर सूर्यमालेच्या पलीकडे चाललीं आहेत. निवड करणाऱ्यांनीं त्यांत पहिला-दुसरा नंबर लावला नाहीं, हें बरें केलें.

वेग नव्हे, कुळ नव्हे, लौकिकही नव्हे. तर मग मोठेपण ओळखावें कशावरून? मला वाटतें, ह्याचें एक उत्तर आपल्याच डोंगरांत फार दिवसांपासून आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके ठाणें जिल्ह्यांतच होते. तेथील वारल्यांचा तारपा बहुतेकांनीं चित्रांत तरी पाहिला असेल. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या व ताडाचीं पानें ह्यांचें तें वाद्य. वाजविणारा मध्यें, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवतीं. तारपेवाल्यानें सूर बदलला कीं पावलें बदलतात; आणि तारप्याकडे पाठ करावयाची नाहीं, असा नाचणाऱ्यांचा नेम. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांच्यासारख्या वृद्ध तारपावादकाचा गौरव अलीकडे शासनदरबारींही झाला. परंतु त्यांच्या लोकांनीं तो पूर्वींच करून ठेवला होता. सारी रात्र वाजवीत असतां श्वास तुटूं द्यावयाचा नाहीं, आणि थकलेल्या पावलांना पुढचें पाऊल सांपडवून द्यावयाचें, ही त्यांची परीक्षा. तारप्याला सूर मोजकेच. तेवढ्यांत रात्र भरून काढावयाची असते.

सारांश, ज्या वादकांचीं नांवें वर आलीं त्या सर्वांत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकापुढें एक उणीव होती. कोणाच्या वाद्याला आवाज नव्हता, कोणाच्या हाताला बोटें नव्हतीं, कोणाच्या पेटीला मींड नव्हती, कोणाच्या कर्ण्यांत किंकाळी भरलेली होती. त्यांनीं ती उणीव लपविली नाहीं, तिच्याविषयीं तक्रारही केली नाहीं. तिलाच बोलावयास लाविलें. आणि तें बोलणें असें होतें कीं समोरचा माणूस त्यांत शिरला. हें जेथें घडतें तेथें मोठेपण आहे. मग तें लंडनला घडो वा लग्नाच्या मांडवांत. जेथें घडत नाहीं तेथें हात कितीही पळो, वाद्य कितीही कुलीन असो, तेथें नुसती तयारी आहे.

ही कसोटी लावण्याची निकड आहे, म्हणून हा लेख लिहिला. बेंजो पार्ट्यांची जागा आतां तयार गाणीं फेंकणारे डीजेचे डोंगर घेऊं लागले आहेत. एका पार्टीला दहा-बारा माणसें लागतात, त्यांचें जेवण, त्यांची बिदागी. यंत्राला एक माणूस पुरतो. बेंजो गेला तर आपण त्याला सभा भरवून निरोप देणार नाहीं. कारण तो आपण कधीं वाद्य म्हणून मोजलाच नव्हता. आणि त्याच्याबरोबर जे कोणी थोर वादक असतील तेही, यादींत नांव न पडतां, तबकडी न भरतां, शिष्य न ठेवतां जातील. बंदे अलींना निदान सांगणारे होते.

आतां त्या रात्रीचा शेवट सांगून पुरें करतों. दहा वाजले आणि कायद्याप्रमाणें कर्णे बंद झाले. ढोलवाले पाणी प्यावयास गेले. मांडवांत धवलारीण अजून गातच होती. इतका वेळ गलक्यांत तिचा आवाज बुडाला होता, तो आतां वर आला. बेंजोवाल्या तरुणानें विजेची तार काढून ठेवली, बेंजो उचलला आणि मांडवाच्या कडेला मांडी घालून बसला. विजेवांचून त्या वाद्याचा आवाज तो केवढा! हातभर अंतरावर ऐकूं येईल एवढा. तो म्हातारीच्या मागें मागें हळूच वाजवूं लागला. तिचे सूर कांहीं त्याच्या कळांत बसणारे नव्हते. दोन कळांच्या मध्येंच कोठें तरी ते पडत. पहिल्या दोन ओळींत तो चुकला. मग त्यानें युक्ति केली. जे सूर जुळत तेवढेच तो वाजवी, आणि जे जुळत नसत तेथें हात उचलून गप्प बसे. त्या रिकाम्या जागीं म्हातारीचा एकटा सूर उभा राही, आणि बेंजो पुन्हा येऊन त्याला मिळे. पांच-सात मिनिटें हें चाललें असेल. पुतण्यानें हातांतील फोन खालीं ठेवला होता. गुरुजी सरकून पुढें बसले होते.

धवला संपला तेव्हां म्हातारीनें मान वळवून त्या तरुणाकडे पाहिलें आणि विचारलें, "कोणाचा रे तूं?"

त्यानें बापाचें नांव सांगितलें, गांव सांगितलें. "बस हितंच," ती म्हणाली, आणि तिनें पुढचा धवला सुरू केला.